गॅसच असेल!

भारतातल्या हृदयविकाराच्या झटक्यांबद्दलची एक मोठी पाहणी २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. देशातल्या ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांची तीत नोंद होती. पाहणीत आकडे पुष्कळ आहेत, पण या प्रकरणापुरते दोनच पुरेत. रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध सुरू होईपर्यंत गेलेला वेळ होता ५० मिनिटे. आणि त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचायला लागलेला वेळ होता ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास. हे मध्यक आकडे आहेत. निम्म्या रुग्णांना याहूनही जास्त वेळ लागला. रुग्णवाहिकेतून आलेले शंभरात जेमतेम पाच-सहा.

हृदयाच्या हिशेबात सहा तास ही फार वाईट मुदत आहे. ती का, हे कळायला हृदयाची थोडी अंतर्गत व्यवस्था पाहावी लागेल. दिवसरात्र रक्त ढकलणाऱ्या या स्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त मात्र आतल्या कप्प्यांतून मिळत नाही. महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन कोरोनरी रोहिण्या बाहेरून वेढा घालून ते पुरवतात. या रोहिण्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एके दिवशी त्या थरावरचे पातळ आवरण फाटते, शरीराला ती जखम वाटते आणि जखम बुजवण्यासाठी तिथे रक्ताची गुठळी धरते. रस्ता बंद होतो. थर फार जाड असायलाच हवा असे नाही. लहानसा थरही फाटू शकतो, म्हणूनच काहींना आधी कसलीही सूचना मिळत नाही.

रस्ता बंद झाल्यावर पुढे काय होते, ते अमेरिकेतले रायमर आणि जेनिंग्ज या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत मोजले. पंधरा-वीस मिनिटांत रोहिणी मोकळी केली, तर स्नायू वाचतो. त्यानंतर पेशी मरू लागतात. आधी हृदयाच्या आतल्या थरातल्या, मग लाटेसारख्या बाहेर बाहेर सरकत. सहा तासांच्या सुमारास जे मरायचे ते बहुतेक मरून गेलेले असते. माणसात हे गणित थोडे सैल असते, कारण शेजारच्या बारीक वाहिन्या काही रक्त पुरवतात आणि गुठळीही कधी थोडी सुटते, पुन्हा धरते. त्यामुळे डॉक्टर बारा तासांपर्यंत, कधी त्यानंतरही, रोहिणी उघडण्याचा प्रयत्न करतात. पण खरा फायदा पहिल्या एक-दोन तासांत. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्या जागी व्रण तयार होतो आणि माणूस जगला तरी पुढे जिना चढताना धापा टाकत जगतो.

मग हे सहा तास जातात कुठे? गडचिरोलीच्या किंवा अक्कलकुव्याच्या आतल्या गावात ते रस्त्यावर जातात, हे खरे. पण ज्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर मोठे रुग्णालय आहे, त्यांचेही तास जातातच. ते घरात जातात, आणि आपल्याकडे त्याची पद्धत ठरलेली आहे.

"अहो, डॉक्टरांना फोन करू का?"

"रात्रीचे अकरा वाजलेत. कशाला कुणाची झोपमोड? गॅस धरलाय नुसता. जरा ओवा दे."

ओवा होतो, कोमट पाणी होते, गुलाबी रंगाचे औषध दोन झाकणे होते. मग पाठीला बाम चोळला जातो, कारण आता 'उसण भरली असेल' असे ठरलेले असते. मधे दरदरून घाम येतो, तो पंखा वाढवून पुसला जातो. पुण्यातल्या मुलाला पहाटेपर्यंत कळवत नाहीत, उगाच घाबरेल म्हणून. उजाडल्यावर चहा घेऊन, आंघोळ करून, मग दवाखाना. आंघोळ तर कितीजण करतात! हृदयाला रक्त कमी पडत असताना बादली उचलणे, कडी लावून बंद दारामागे एकटे उभे राहणे, यासारखा दुसरा धोका नाही.

गॅसची शंका येते यात माणसाचा सगळाच दोष नाही. हृदयाची मज्जातंतूंची जोडणीच तशी आहे. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या तारा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला मिळतात, आणि त्याच भागात हाताच्या आतल्या बाजूच्या आणि छातीच्या त्वचेच्या ताराही येऊन मिळतात. जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी, तसे हे. वाजली की कोणाकडे पाहुणा आलाय ते मेंदूला कळत नाही. म्हणून हृदयाचे दुखणे डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, पाठीत, गळ्यात किंवा खालच्या जबड्यात जाणवते. दाढ दुखते म्हणून आलेल्या एखाद्या रुग्णाला दंतवैद्याने ईसीजी काढायला पाठवावे, ते याच कारणाने. शिवाय हृदयाची खालची बाजू पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, की बेंबीच्या वर जळजळ, मळमळ, उलटी, ढेकर असे सगळे होते. ढेकर आल्यावर क्षणभर बरेही वाटते. त्यामुळे 'ढेकर आली, म्हणजे गॅसच' हा पुरावा कुचकामी आहे. अँटासिड घेऊन बरे वाटले, हाही नाही.

दुखणे कुठे आहे यापेक्षा ते कधी येते आणि कधी थांबते, हे पाहावे. ही गोष्ट विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने अडीचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. १७६८ साली त्याने तिथल्या वैद्यांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. तेव्हा ईसीजी नव्हता, स्टेथोस्कोपही नव्हता, आणि या दुखण्याचे मूळ कोरोनरी रोहिण्यांत आहे हे हेबर्डनला ठाऊक नव्हते. त्याच्याकडे होती फक्त रुग्णांची हकीकत. या लोकांना चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते. आणि ते उभे राहिले की थांबते. त्याने या दुखण्याला दिलेले 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव आजही चालते. यंत्रे इतकी आली, तरी डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

शेजारच्या चौकापर्यंत भाजी आणायला गेलात, वाटेत छातीवर दडपण आले, पिशवी खाली ठेवून दोन-पाच मिनिटे थांबलात आणि ते गेले, तर ती पोटाची तक्रार नाही असे धरून चालावे. पोटातला वायू तुम्ही चालता की थांबता याची फिकीर करत नाही. हिवाळ्यातल्या पहाटेचे फिरणे, भरल्या पोटी जिना, बस पकडण्यासाठी केलेली पळापळ, या नेहमीच्या जागा. संतापही त्यात येतो. जॉन हंटर हा इंग्लंडचा नामांकित सर्जन या दुखण्याचा जुना रुग्ण होता आणि भांडणाने ते उसळते हे त्याला पक्के माहीत होते. १७९३ साली आपल्याच रुग्णालयाच्या बैठकीत कडाक्याची वादावादी झाली आणि तो तिथेच गेला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभांना जाणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

लोक या दुखण्याला 'दुखणे' म्हणतही नाहीत, हीदेखील एक अडचण आहे. 'छातीत दुखतंय का?' असे विचारले की 'नाही' म्हणतात, आणि मग सांगतात, दडपण येतं, भरून आल्यासारखं होतं, आवळतं, जड वाटतं, जळजळतं. हे सांगताना पुष्कळजण नकळत मूठ वळून छातीच्या मधोमध धरतात. बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन यांनी ही खूण नोंदवली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. याउलट एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबले की जास्त दुखते, कूस बदलली की कमी होते, सुईसारखी क्षणभर टोचून जाते, अशी वेदना हृदयाची असण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. वय, मधुमेह, तंबाखू असे काही जोडीला असेल तर तिचीही तपासणी व्हायला हवी.

श्रमाने येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे महिनोन्महिने एकाच ठेक्यात असेल, तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पण ठेका बदलला, तर आठवडाही मोठा झाला. पूर्वी तीन मजल्यांवर व्हायचे ते एका मजल्यावर व्हायला लागले, पाच मिनिटांचे पंधरा मिनिटे टिकायला लागले, झोपेतून जाग आणू लागले, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच नुकते सुरू झाले, तर त्याच दिवशी. आणि बसल्या जागी आलेले दडपण दहा मिनिटांत जात नसेल, किंवा सोबत घाम, धाप, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर त्याच क्षणी. घामाला मी सगळ्यांत जास्त वजन देईन. पंख्याखाली बसलेल्या माणसाचा सदरा गार घामाने भिजला, तर गॅस असेल म्हणत वाट पाहू नये.

आता ज्यांच्या बाबतीत ही सगळी ओळखच चुकते, त्यांच्याकडे वळू. त्यात पहिल्या बायका. अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना आधीच्या दिवसांबद्दल विचारले गेले. ती पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ७१ टक्के स्त्रियांना त्याआधी काही आठवडे कधी नव्हे असा थकवा जाणवला होता, ४८ टक्क्यांची झोप बिघडली होती, ४२ टक्क्यांना धाप लागत होती. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ४३ टक्के स्त्रियांच्या छातीत दुखलेच नव्हते. यावरून बायकांच्या छातीत दुखत नाही असे समजू नये, बहुतेकींना दुखतेच. पण घरातली बाई 'हल्ली पोळ्या लाटतानाच दम लागतो' म्हणाली, तर आपल्याकडे तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, नाही तर 'वय झालं' हे उत्तर. ती स्वतःही सगळ्यांची जेवणे उरकल्याशिवाय उठत नाही. त्यात गावाकडे पन्नाशी-साठीच्या कित्येक बायका मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी 'तंबाखू?' विचारले की नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी तंबाखूत मोडत नाही. धूर न होणारी तंबाखूही झटक्याचा धोका वाढवते, हे ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' पाहणीत दिसले आहे.

दुसरे मधुमेही. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात, आणि हृदयाची घंटा वाजतच नाही. अशा माणसाला अचानक धाप लागणे, कारण नसताना घाम येणे, एकदम गळून जाणे, हाच झटका असू शकतो. घरचे साखर कमी झाली समजून साखरपाणी देतात. साखर जरूर तपासा, पण ती ठीक निघाली तर तिथे थांबू नका. अतिवृद्धांचेही असेच, आजोबा कालपासून गप्प आहेत, जेवत नाहीत, बरळतात, एवढेच लक्षण असते.

तिसरे तरुण. त्याच इंटरहार्ट पाहणीत दक्षिण आशियातल्या रुग्णांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ होते. इतर देशांत ते ५९ च्या आसपास. चाळिशीचा माणूस छाती धरून आला तर 'या वयात कसला अटॅक' हे वाक्य कोणीच उच्चारू नये. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल, तर मुळीच नाही.

कोविडनंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द. बोटाला चिमटा लावला, ९८ दिसले आणि सगळे निश्चिंत झाले, असे हल्ली होते. झटका चालू असताना ऑक्सिजन ९८ असू शकतो. रक्तदाबही अगदी १२०-८० असू शकतो. मनगटावरचे स्मार्टवॉच ठोक्यांची अनियमितता दाखवील, पण रोहिणी बंद झाली आहे का हे सांगणे त्याचे काम नाही.

आता करायचे काय. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे. पत्ता, जवळची खूण, रुग्णाचे वय सांगा आणि 'छातीत दुखतंय, घाम येतोय' हे शब्द स्पष्ट वापरा. 'बरं वाटत नाही' म्हणू नका. रुग्णाला अर्धवट बसते करा, कपडे सैल करा, चालू देऊ नका, जिना उतरायचा असेल तर खुर्चीत बसवून उतरवा. गाडी यायला फार वेळ लागेल असे कळले, तर दुसऱ्या कोणी गाडी चालवावी. रुग्णाने स्वतः दुचाकीला किक मारून दवाखाना गाठल्याच्या शौर्यकथा आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात. वाटेत कोसळलेल्यांना कथा सांगता येत नाही.

औषधांत अ‍ॅस्पिरिनचा आधार भक्कम आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत या स्वस्त गोळीने पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले होते. ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, अख्खी गिळायची नाही. पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव, किंवा तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे अशी पक्षाघाताची चिन्हे असतील तर द्यायची नाही. शंका असल्यास फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही गोळी मात्र ज्याच्या चिठ्ठीत आहे त्यानेच घ्यावी. शेजाऱ्याची उसनी घेतली आणि रक्तदाब कोसळला, असे होते. कामोत्तेजक गोळी आदल्या दिवशी घेतलेली असेल तर हे हमखास घडू शकते. तेव्हा पुरुषांनी बायको-मुलांसमोर संकोच वाटला तरी डॉक्टरांच्या कानात ते सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'जोराने खोकत राहा, हृदय चालू राहील' हा उपाय घरी वापरण्याजोगा नाही. त्यात फोन करण्याचा वेळ जातो.

जायचे कुठे, हा प्रश्न रात्री दोन वाजता सोडवायचा नसतो. तुमच्या भागात कोणत्या रुग्णालयात चोवीस तास ईसीजी निघतो, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कुठे मिळते, अँजिओप्लास्टी कुठे होते, ते आजच विचारून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जवळचे कोणते रुग्णालय आहे, तेही. अँजिओप्लास्टीचे केंद्र दोन-तीन तासांवर असेल तर थेट तिकडे पळण्याऐवजी जवळ इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणे हा चांगला मार्ग आहे. तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रुग्णांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, या दुसऱ्या वाटेने गेलेल्यांची स्थिती थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांइतकीच चांगली राहिली. गोव्याने नेमकी हीच व्यवस्था उभी केली आहे. तिथे २०१८ पासून आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जातो, काही मिनिटांत उत्तर येते, इंजेक्शन तिथेच मोफत मिळते आणि मग रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो. महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याला हे मिळायला हवे, असे माझे मत आहे.

रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, हा जगभरचा दंडक आहे. ईसीजी नीट निघाला म्हणून लगेच घरी जायचे नाही. पहिला ईसीजी साफ निघू शकतो, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण असलेले ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात. म्हणून दोन्ही पुन्हा करतात. त्याला पैसे उकळणे म्हणू नका. तुमचा जुना, चांगला असतानाचा ईसीजी फोनमध्ये असेल तर तो दाखवा; तुलनेला त्याचा फार उपयोग होतो.

कधी माणूस रुग्णालयाच्या आधीच कोसळतो. हाक मारल्यावर ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो. हा हृदय बंद पडल्याचा प्रसंग. तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे यात वेळ घालवू नका. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, जोरात दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. काहीच न केल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हे एकदा प्रशिक्षण घेऊन शिकण्याजोगे आहे. वाचून हात बसत नाही.

झटक्याखेरीज हृदयाच्या आणखी काही तक्रारी हळूहळू पाऊल टाकत येतात. रात्री आडवे झाल्यावर धाप लागते म्हणून उशांची संख्या वाढत जाणे, संध्याकाळी पायांवर बोट दाबले की खळगा राहणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन चढणे. धावताना किंवा ओझे उचलताना चक्कर येऊन पडणे ही तर धोक्याची खूण आहे, मग तो शाळकरी मुलगा का असेना. गरोदर बाईला सातव्या महिन्यात दम लागतो तो नेहमी गर्भाच्या भारानेच असतो असे नाही. लहानपणच्या संधिज्वराने अरुंद झालेली झडप तेव्हा पहिल्यांदा तोंड दाखवते.

घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गोष्ट आधीच ठरवून टाका. छातीत दडपण आले तर रुग्णालयात जायचे की नाही, हे ज्याच्या छातीत दडपण आले आहे त्याला विचारायचे नाही. तो 'गॅसच असेल' म्हणणार. तुम्ही १०८ लावा. ईसीजी आणि दोन्ही वेळचे ट्रोपोनिन नीट आले, खरोखरच गॅस निघाला, तर सगळ्यांनी घरी येऊन चहा प्यावा आणि त्यावरून कोणी कोणाची थट्टा करू नये.